ग्रँड कॅन्यनची एक दिवसाची बससहल: साउथ रिम की वेस्ट रिम?

रिम म्हणजे दरीचा कडा. लास व्हेगासहून वेस्ट रिम (पश्चिम कडा) सुमारे 200 किलोमीटर, तर साउथ रिम (दक्षिण कडा) जवळपास 450. दरी पाहायची असेल तर साउथ रिमच घ्या. दिवस चौदा-पंधरा तासांचा होतो, त्यातले नऊएक तास बसमध्येच जातात, तरीही! तिथल्या मॅथर पॉइंट या ठिकाणावरून दिसणारा खडकांच्या थरांचा पसारा वेस्ट रिमला नाही. कोलोरॅडो नदी मात्र दीडेक किलोमीटर खाली, त्यामुळे वरून क्वचितच दिसते, दुर्बीण न्या.

थांबा जेमतेम तीन तासांचा. ब्राइट एंजल पायवाटेने दरीत खाली जायचा मोह होतोच, पण उतरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला लागतो, आणि बस इथेच चुकते. दुसरा घोटाळा घड्याळाचा. दरी ॲरिझोना राज्यात, लास व्हेगास नेवाडात, आणि हिवाळ्यात ॲरिझोना नेवाडापेक्षा एक तास पुढे असते. परतीची वेळ कुठल्या घड्याळाची, हे गाइडला उतरतानाच विचारा. कडा 2100 मीटर उंचीवर, म्हणून जाकीट हवेच.

वेस्ट रिम हुआलापाई या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे. राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही. स्कायवॉकचे (दरीवर पुढे काढलेल्या काचेच्या पुलाचे) तिकीट सहलीत धरले आहे का, हे बुकिंगआधी पाहा. काचेवर स्वतःचा कॅमेरा किंवा मोबाइल नेता येतो का, हेही आधी विचारा.