पऱ्हाटी भट्टीला द्यायची की खड्ड्यात घालायची?

कापसाची वेचणी संपून उलंगवाडी झाली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना-राजुऱ्याकडच्या वावरांत एकच प्रश्न उभा राहतो: पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचं, करायचं काय? आजवर उत्तर सोपं होतं. थोडी चुलीला, बाकीचा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग आणि उन्हाळ्यात त्याला काडी. आता शेतकरी गटांकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. एक म्हणतो, सिमेंटच्या भट्टीला किंवा औष्णिक केंद्राला द्या, टनावर पैसे घ्या. दुसरा म्हणतो, वावरातच बायोचार करा, म्हणजे पऱ्हाटी अर्धवट जाळून मातीत घालायचा कोळसा, आणि कार्बन क्रेडिट मिळेल, म्हणजे कार्बन हवेत जाऊ न दिल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र. आमच्या गटाने दोन्हींचा हिशेब मांडला. ज्यांना यंदा ठरवायचंय त्यांच्यासाठी तो इथे देतोय.

भट्टीच्या मार्गात गिऱ्हाइकाची ददात नाही. कोळशावरच्या वीज केंद्रांना २०२४-२५ पासून ५ टक्के जैवइंधन मिसळायला सांगितलंय, आणि चंद्रपूरचं केंद्र एकटंच २,९२० मेगावॉटचं आहे. गडचांदूर, आवारपूरच्या सिमेंटवाल्यांनाही कोळसा कमी करायचाच आहे. पऱ्हाटीत कोळशासारखी तीस-चाळीस टक्के राख नसते. शिवाय ढीग लवकर वावराबाहेर गेला तर गुलाबी बोंडअळीचा आसराही जातो, आणि कापसाच्या घरात ही गोष्ट लहान नाही.

अडचण काट्यावर कळते. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते खरी, पण ती ट्रॉलीत मावत नाही. वरपर्यंत रचून दोर आवळला तरी वजन हसण्यासारखं भरतं. आमची पहिली ट्रॉली मुळासकट उपटलेल्या पऱ्हाटीची होती. खरेदीदाराच्या माणसाने एक मूळ हातात घेऊन आपटलं, काळ्या मातीचं ढेकूळ पायाशी पडलं, आणि मातीच्या नावाने वजन कापलं. ओलाव्याचं वेगळं. डिझेल वजा जाता हातात काय आलं ते सांगत नाही. तेव्हा गावातच तुकडे करणारं यंत्र असेल आणि कारखाना जवळ असेल, तरच या वाटेला जा. आणि लक्षात घ्या, पऱ्हाटीबरोबर वावरातलं पालाश, म्हणजे पोटॅशही जातं.

बायोचारचं उलट आहे. ट्रॉली लागत नाही, मजूर लागतो. शंकूसारखा खड्डा करायचा, वरून पेटवायचं, वरच्या थरावर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर टाकायचा आणि शेवटी पाणी मारून विझवायचं. शंभर किलो वाळलेल्या पऱ्हाटीतून वीस-पंचवीस किलो कोळसा हाती येतो. तो मातीत शेकडो वर्षं टिकू शकतो, म्हणून त्याला क्रेडिट. पैसे मात्र मोजणी, फोटो, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पुढच्या विक्रीनंतर. उधारीवर बियाणं आणणाऱ्या कास्तकाराला हे 'नंतर' परवडत नाही.

जमिनीचं म्हणाल तर बायोचारवाले जे फोटो दाखवतात ते बहुधा आम्लधर्मी मातीतले असतात. आपली काळी जमीन आधीच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, बायोचारही विम्लधर्मी. माझ्या मते इथे पिकाला फार मोठा फरक पडणार नाही. गडचिरोली-गोंदियाकडच्या हलक्या, आम्लधर्मी धानाच्या जमिनीत हाच हिशेब बदलू शकतो.

आता तिसरी गोष्ट, जी बैठकीत कोणी काढत नाही: कार्बन पकडणं, म्हणजे कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडता गोळा करून जमिनीखाली पुरणं. सिमेंटसाठी शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तो दगडातूनच येतो. भट्टीत कोळशाऐवजी नुसती पऱ्हाटी जाळली तरी तो थांबत नाही, आणि सिमेंटचं निम्म्याहून जास्त उत्सर्जन हेच आहे. म्हणून नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्याने २०२५ मध्ये वर्षाला ४ लाख टन वायू पकडण्याचा प्रकल्प सुरू केला. तो वायू द्रव करून जहाजाने नेतात आणि समुद्रतळाखाली २,६०० मीटरवर सोडतात. पकडतो सिमेंटवाला, नेऊन पुरतात तेल कंपन्या, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं. एकट्याने जमणारं काम नाही ते.

असा वायू पुरायला आपल्याकडे समुद्र नाही, पण पश्चिम विदर्भात बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. आइसलंडमध्ये बेसाल्टात सोडलेल्या वायूचा दोन वर्षांत दगड झाला. पण त्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागतं. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा आकडा सांगून पाहा.

मग याचा पऱ्हाटीशी संबंध काय? संबंध कराराच्या मुदतीशी आहे. पऱ्हाटीने कार्बन हवेतून घेतलेला असतो. ती जळताना निघणारा वायू उद्या कारखान्याने पकडून पुरला, तर कारखान्याचा हिशेब शून्याखालीही जाऊ शकतो. त्या दिवशी पऱ्हाटीची किंमत नुसत्या जळणाची राहणार नाही. म्हणून कारखाना जवळ असेल तर माझं मत भट्टीच्या बाजूने आहे, पण करार एका हंगामाचा, फार तर दोन. दहा वर्षांचा कागद आला तर परत पाठवा. लांबच्या, आतल्या गावांनी उरलेल्या ढिगावर एक-दोन खड्डे करून बघायला हरकत नाही.

आमच्यापुढे आलेल्या कागदात तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: या मालावरचे कार्बनविषयक सर्व हक्क खरेदीदाराचे. भाव ठरला होता फक्त वजनाचा. ती ओळ खोडा असं आम्ही कळवलंय. उत्तर आलेलं नाही, आणि ढीग अजून धुऱ्यावरच आहे.