स्टेन्ड ग्लासचं पहिलं सनकॅचर: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझं पहिलं सनकॅचर, म्हणजे उन्हात चमकावी म्हणून खिडकीत टांगायची रंगीत काचेची नक्षी, गेले कित्येक महिने पूर्वेच्या खिडकीत आहे. काचेच्या तुकड्यांच्या कडांना तांब्याची फॉइल (पातळ चिकटपट्टी) गुंडाळून आणि ते तुकडे सोल्डरने, म्हणजे वितळवून लावायच्या मिश्रधातूने, जोडून ते केलं आहे. त्याच अवजारांवर पुढे आणखी बरंच काम झालं, त्यामुळे पैसे कुठे घालावेत हे आता ठामपणे सांगता येतं.

पहिला मान सोल्डरिंग आयर्नचा. रेडिओ दुरुस्तीचं २५-३० वॉटचं बारीक टोकाचं आयर्न इथे अपुरं पडतं. काच आणि तांबं उष्णता खेचून घेतात, टोक थंडावतं आणि सांधा खडबडीत होतो. माझं ८० वॉटचं आहे, चपट्या टोकाचं, तापमान कमीजास्त करता येणारं. ३८० अंशांच्या आसपास ते छान चालतं. सोल्डर ६०/४० घ्यावं, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. ते १९० अंशांच्या सुमारास पूर्ण वितळतं आणि १८३ला घट्ट होतं. मधला अर्धवट मऊ टप्पा इतका छोटा, की सांध्यावर गोलसर फुगीर रेघ पटकन धरते. ५०/५० वितळायला सुमारे २१५ अंश लागतात, थिजायला वेळ लागतो आणि रेघ चपटी पडते. आयर्न घासत न्यायचं नाही. टोक वितळलेल्या सोल्डरमध्ये ठेवून सावकाश पुढे सरकायचं. मागे उरणारी रेघ आपोआप चकचकीत होते. टोक काळं पडलं की नवसागराच्या वडीवर घासायचं, पुन्हा पहिल्यासारखं.

काच कापायचा कटर आत तेल भरायचा आणि टंगस्टन कार्बाइडच्या चाकाचा घेतला. चाकाची धार अजून उत्तम आहे. रेघ काचेच्या गुळगुळीत बाजूनेच ओढायची आणि एकदाच. त्याच रेघेवरून पुन्हा चाक फिरवलं तर चाकही बिघडतं, काचही. दाब योग्य असेल तर बारीक, सलग ‘चर्र’ असा आवाज येतो. रेघ पांढरी, भुसभुशीत दिसायला लागली, की समजावं दाब जास्त होतोय. आत वळणारी खोल वळणं पहिल्या नक्षीत नकोतच, तिथे काच हमखास भलतीकडे फुटते. मधोमध शीर आणि दोन्ही बाजूंना तुकडे, असं साधं पान पहिल्यांदा फार सोयीचं. टफन ग्लास मात्र कापताच येत नाही, तिचा चुरा होतो.

ग्राइंडर ऐच्छिक म्हणतात, मला ते पटत नाही. कड सरळ घासलेली असेल तरच तुकडे एकमेकांना चिकटून बसतात आणि सांध्याची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची येते. घासताना पाणी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. नंतर तुकडे स्वच्छ धुऊन कोरडे करावेत, भुकटीवर फॉइल धरत नाही. ३ मिमी काचेला साधारण ५.५ मिमी रुंदीची फॉइल बरोबर होते. काच पारदर्शक असेल तर आतून काळी असलेली फॉइल घ्यावी, कारण काचेतून तिची आतली बाजू दिसते.

खरी परीक्षा मात्र महिन्यांनी होते. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून आधी फॉइलवर लावायचं रसायन, नीट निघाला नसेल तर सांध्यांवर पांढरी बुरशीसारखी पूड येते. म्हणून काम झालं त्याच दिवशी भांड्यांचा साबण आणि खाण्याच्या सोड्याने धुवावं. मग पॅटिना (सोल्डरची रेघ काळी करणारं रसायन), पुन्हा धुणं आणि शेवटी मेण. मेणाचा हात मी मधूनमधून पुन्हा फिरवते, काळा रंग टिकून आहे. काचेचा रंग उतरण्याचा तर प्रश्नच नाही. तो वर लावलेला नसतो, वितळलेल्या काचेतच मिसळलेला असतो. गडद निळा, उदाहरणार्थ, कोबाल्टचा.

दुसरी कळीची जागा म्हणजे टांगायची कडी. कडेची फॉइल नुसत्या गोंदावर असते, कडी तिथे जोडली तर वजनाने फॉइलच सुटून येते. आतला सांधा जिथे कडेला येऊन मिळतो, तिथेच कडीचं टोक सोल्डरमध्ये रुतवावं. मी कडेभोवती तांब्याची तारही फिरवून घेतली आहे. कडी तसूभरही हललेली नाही.

शिशाबद्दल थोडं. त्या टेबलावर खाणंपिणं नाही, काम संपलं की हात साबणाने धुवायचे, खिडकी उघडी ठेवायची. धूर मुख्यतः फ्लक्सचा असतो, पण घशाला लागतो. घरात लहान मुलं असतील तर शिसं नसलेलं सोल्डर घ्या. त्याला तापमान जास्त लागतं आणि फुगीर रेघ जमायला सराव जास्त करावा लागतो, तरी तेच घ्या.