तळाला गेलेला हॉकी संघ: पाडून बांधायचा की डागडुजी करायची?

तुमचा संघ तळाला आहे असं मी धरून चालतो. पहिल्या चारांत असता तर हे वाचत बसला नसतात. मार्चची ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) डेडलाइन तोंडावर आलीय, पुलातले, म्हणजे NHL या उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकी लीगच्या खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ चालवणाऱ्या तुमच्या गटातले, बाकीचे अकरा जण तुमच्याकडच्या एकमेव बऱ्या खेळाडूवर डोळा ठेवून आहेत, आणि तुम्हाला ठरवायचंय: सगळं विकून ड्राफ्टचे पिक, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या निवडीचे हक्क, गोळा करायचे, की आहे त्या भिंतींना गिलावा करून, दोन-चार ट्रेड मारून पुढच्याच हंगामात उभं राहायचं.

पुण्यात सोसायटीच्या मीटिंगला बसलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. बिल्डर म्हणतो तीन वर्षांत टॉवर. तोवर भाड्याने राहा. दुसरा गट म्हणतो, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा, ड्रेनेजची लाइन बदला, अजून वीस वर्षं जाईल. दोन्ही बाजूंना आपापले पुरावे असतात आणि मीटिंग रात्री अकराला चहावर संपते.

मी कॅनडात, मिसिसागात राहतो आणि ऑफिसातल्या बारा जणांच्या कीपर पुलात (म्हणजे खेळाडू पुढच्या हंगामातही आपल्याकडे ठेवता येतात अशा पुलात) नऊ वर्षं आहे. (आईला अजूनही वाटतं की मी कुठल्यातरी नदीवरच्या पुलावर जाऊन हॉकी बघतो.) लहानपण खडकीत गेलं, म्हणजे धनराज पिल्लेच्या खडकीत. तिथे हॉकी गवतावरची आणि ट्रेड हा प्रकारच नव्हता. खेळाडूला संघ बदलायचा तर नोकरी बदलावी लागायची. इथे येऊन बर्फावरची हॉकी आवडायला लागली ती खेळामुळे जेवढी, तेवढीच या देवाणघेवाणीच्या वादांमुळे. दोन्ही रस्ते मी स्वतः चालून बघितलेत. तेव्हा हे मोजमाप नाही, भोगलेलं आहे.

आधी पाडून बांधण्याची बाजू, कारण तिची बदनामी जरा जास्तच झालीय. ती चालते. शिकागोने 2006 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर टेव्ज घेतला, 2007 मध्ये पहिल्यावर केन, आणि 2010, 2013, 2015 असे तीन स्टॅनली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, नेले. पण या बाजूचं माझं आवडतं उदाहरण कोलोरॅडोचं. 2016-17 मध्ये त्यांचे 82 सामन्यांत 48 पॉइंट झाले. शेवटून पहिले. त्यात लॉटरी (वरचे पिक कुणाला, यासाठी मागच्या संघांमध्ये होणारी सोडत) फुटली ती अशी की पहिला पिक तर सोडाच, ते घसरून चौथ्यावर गेले. त्या चौथ्यावर त्यांनी केल मकार घेतला आणि 2022 मध्ये कप उचलला. पण नीट बघा, त्यांच्या मॅनेजर साकिकने तेव्हा मॅकिननला हात लावला नव्हता, रँटानेनला लावला नव्हता. दुशेन विकला, तोही मनासारखी किंमत येईपर्यंत थांबून. इमारत पाडली असं सगळे म्हणतात. खांब तसेच होते.

पाडणाऱ्यांमधला सगळ्यात हुशार सौदा माझ्या मते माँट्रियलचे मॅनेजर केंट ह्यूज यांचा. 2022 च्या ऑगस्टमध्ये कॅल्गरीला पगाराच्या कॅपमध्ये (मर्यादेत) जागा हवी होती, म्हणून शॉन मोनहनचा जड करार त्यांनी माँट्रियलच्या गळ्यात घातला आणि वर पहिल्या फेरीचा पिकही दिला. दीड वर्षाने माँट्रियलने तोच मोनहन विनिपेगला दिला आणि पुन्हा पहिल्या फेरीचा पिक घेतला. एकाच माणसावर दोनदा. आमच्या अकाउंट्समधल्या माँट्रियलवाल्याने ही गोष्ट मला निदान चाळीस वेळा सांगितली असेल आणि चाळीसही वेळा मी कौतुकाने ऐकली.

आता बफेलो. तिथल्यासारखं पाडणं फारच थोड्यांनी केलंय. 2013-14 मध्ये शेवटचे, 2014-15 मध्ये पुन्हा शेवटचे, आणि दोन्ही वेळा लॉटरी दुसऱ्याला लागून हातात दुसरा पिक. पहिल्यांदा सॅम राइनहार्ट, दुसऱ्यांदा, मॅकडेव्हिड एडमंटनला गेल्यावर, जॅक आयकेल. पुढे 2018 मध्ये पहिला पिक डालिन, 2021 मध्ये पहिला पिक पॉवर. एवढं सगळं घरात येऊन 2011 नंतर 2025 पर्यंत सलग चौदा हंगाम प्लेऑफ नाही. लीगच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही. आणि गेलेली माणसं? ओ'रायली 2018 मध्ये सेंट लुईसला गेला. पुढच्याच वर्षी कप आणि कॉन स्मिथ, म्हणजे प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी. आयकेल 2023 मध्ये व्हेगासकडून कप. राइनहार्ट 2024 आणि 2025 असे लागोपाठ दोन. बिऱ्हाड बदललं की माणूस फळतो, असं त्या गावाबद्दल म्हणावंसं वाटतं. ओ'रायलीच्या बदल्यात आलेल्या टेज थॉम्पसनने एका हंगामात 47 गोल केले, हे न्यायाने सांगायलाच हवं. पण तोवर पाचवं वर्ष लागलं होतं.

डागडुजीची बाजू म्हणजे फ्लोरिडा. एक गोष्ट मी पुलातल्या प्रत्येक नव्या भिडूला सांगतो. 2014 च्या ड्राफ्टचे पहिले चार: एकब्लाड, राइनहार्ट, ड्रायसाइटल, बेनेट. यातला एकटा एकब्लाड फ्लोरिडाने स्वतः निवडलेला. राइनहार्ट बफेलोतून आणला. बेनेट कॅल्गरीत वाढ खुंटल्यासारखा बसला होता, तिथून आणला. आणि या तिघांनी मिळून 2024 आणि 2025 च्या अंतिम फेरीत ड्रायसाइटलच्या एडमंटनला हरवलं. बेनेट दुसऱ्या वेळी कॉन स्मिथ घेऊन गेला. बाकीची जमवाजमव बघा. व्हरहेगीला टँपाने करार न देता सोडलेला. फोर्सलिंग कॅरोलायनाने वेव्हरवर टाकलेला, म्हणजे अक्षरशः फुकट. मोंटूर पुन्हा बफेलोचा. कॅल्गरीच्या काचकसाठी मात्र फ्लोरिडाच्या मॅनेजर झिटोने खिसा पूर्ण रिकामा केला: आदल्या हंगामात 115 पॉइंट (गोल अधिक गोलसाठीचे पास) केलेला ह्युबर्डो, सोबत वीगर, वर पहिल्या फेरीचा पिक. तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, येडा झालाय. पुढच्या हंगामात ह्युबर्डोचे पॉइंट झाले 55.

डागडुजीचा धोकाही लपवायला नको. बहुतेक संघ डागडुजी म्हणून जे करतात त्यात एकतीस-बत्तीसचा नामांकित माणूस आणतात, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि मग अकराव्याऐवजी नववे येतात. नववं येणं सगळ्यात वाईट. पिकही बरा नाही आणि प्लेऑफही नाही. फ्लोरिडाने आणलेली माणसं पाहिलीत तर आणताना बहुतेक जण पंचविशीच्या आगेमागे होते आणि आधीच्या घरी कुणाची तरी निराशा करून आलेले होते. माझ्या मते सगळी मेख इथे आहे, पण मी चुकतही असेन. गोलीच्या (गोलरक्षकाच्या) बाबतीत मी अनेकदा चुकलोय.

आता माझी गोष्ट. 2021 च्या शरदात माझा संघ नववा होता आणि मी पाडायचं ठरवलं. राइनहार्ट माझ्याकडे होता. तो मी माँट्रियलवाल्याला दिला, दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्यांच्या बदल्यात. त्या दिवशी मी इतका खूश होतो की घरी जाताना जिलेबी घेतली. आमच्याकडे लॉटरी नाही, शेवटच्याला नवख्यांमधला पहिला पिक. 2022 मध्ये दुसऱ्या क्रमांकावरून मी शेन राइट घेतला, कारण वर्षभर सगळे त्यालाच पहिला म्हणत होते आणि प्रत्यक्ष ड्राफ्टमध्ये तो चौथ्यावर घसरला म्हणजे आपल्याला स्वस्तात सापडला, असं मला वाटलं. राइट पुढचा बराच काळ ज्युनियरमध्ये आणि खालच्या लीगमध्ये होता. राइनहार्टने 2023-24 मध्ये 57 गोल केले. माँट्रियलवाला मला अजून दिवाळीला मेसेज पाठवतो, त्यात 57 हा आकडा कुठेतरी असतोच.

हे सगळं मी सहन केलं असतं. वाट बघायला माझी हरकत नाही. आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची फाइल 2009 पासून चालू आहे. मला जे खटकलं ते दुसरंच.

2022-23 चा हिवाळा बेडार्डसाठी, म्हणजे 2023 च्या ड्राफ्टमधल्या सगळ्यात गाजलेल्या नवख्यासाठी, हरण्याचा होता. पुलात आम्ही दोघं त्या मागे होतो, मी आणि सेंट कॅथरिन्सहून येणारा एक सहकारी. जानेवारीपर्यंत मी नुसता वाईट संघ घेऊन हरत होतो. मग लक्षात आलं की तो माझ्यापेक्षा जास्त हरतोय. तेव्हा मी रोज रात्री जेवण झाल्यावर फोन उघडून लाइनअप बिघडवायला बसायचो. ज्याचा घोटा मोडलाय तो खेळणाऱ्यांत, जो बरा आहे तो बाकावर. ज्या रात्री माझ्या गोलीचा सामना नाही, त्या रात्री मुद्दाम तोच. दहा मिनिटांचं काम. एका रविवारी मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो, गोलीने पाचवा गोल खाल्ला आणि मी "वा!" म्हणालो. बायकोने विचारलं, "आला का गोल?" मी म्हटलं, "आला, आपल्यावर." ती काही बोलली नाही, नुसतं ताट माझ्या हातातून घेऊन परत धुवायला टाकलं, मी ओल्या फडक्याने पुसत होतो.

26 मार्च 2015 ला बफेलोत हेच झालं होतं. ॲरिझोना, म्हणजे तळाच्या शर्यतीतला दुसरा संघ, आला होता आणि त्यांनी जादा वेळेत गोल करून सामना जिंकला. घरच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. बफेलोच्या खेळाडूंना ते लागलं आणि काहींनी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा मी ते बघून हसलो होतो. आठ वर्षांनी त्याच टाळ्या माझ्याच स्वयंपाकघरात.

आणि गंमत म्हणजे मी शेवटचा आलोच नाही. सेंट कॅथरिन्सवाला आला. बेडार्ड त्याला मिळाला, मला फँटिली. हरण्यातसुद्धा दुसरा नंबर.

त्या शरदात मी उलटा फिरलो. राइट दिला आणि बदल्यात डिलन स्ट्रोम आणि फोर्सलिंग घेतले. स्ट्रोम 2015 चा तिसरा पिक, मॅकडेव्हिड आणि आयकेलच्या लगेच मागचा. ॲरिझोनाने त्याला शिकागोला दिलं, आणि 2022 मध्ये शिकागो स्वतःच पाडायला निघालं तेव्हा त्यांनी त्याला करारच दिला नाही. वॉशिंग्टनने उचलला. दुसऱ्याच्या पाडापाडीतून बाहेर आलेलं सागवान, जुन्या बाजारात मिळतं तसं. 2024-25 मध्ये त्याचे 82 पॉइंट झाले. फोर्सलिंग 2023-24 मध्ये प्लस-मायनसमध्ये (तो बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरक) लीगमध्ये पहिला आला, अधिक 56, आणि आमच्या पुलात प्लस-मायनस मोजतात. मी त्या वर्षी पाचवा आलो, पुढच्या वर्षी तिसरा. तिसऱ्याला जे पैसे मिळतात त्यात घरच्या चौघांचा पिझ्झा होतो, पाणीपुरी वेगळी घ्यावी लागते.

पाचव्या आलेल्या वर्षात मी फेब्रुवारीतसुद्धा रात्रीचे सामने बघत होतो. कोण जिंकावं हे कळत होतं.

तरीही तुमचा सर्वात चांगला माणूस बत्तिशीचा असेल, आणि कुणी त्याच्यासाठी दोन पहिल्या फेऱ्या देत असेल, तर द्या, मागे बघू नका. तुमच्या पुलात लॉटरी असेल तर मुद्दाम शेवटचं येण्याची किंमत आणखी घसरते, बफेलोला विचारा. आणि पाडलंतच तर तेविशीच्या आतला जो एक खरा आहे, त्याला कोलोरॅडोसारखं बाजूला ठेवा. माझ्याकडे त्या पडझडीतून एक फँटिली उरलाय, त्याने 2024-25 मध्ये 31 गोल केले, त्यामुळे ती दोन वर्षं अगदीच वाया गेली असं म्हणायला मी तयार नाही. राइटही अजून लहान आहे. उद्या तो नव्वद पॉइंट करेल आणि हा लेख कुणीतरी मला दिवाळीला पाठवेल.

ट्रेडबद्दल एकच प्रेमाची सूचना. बोलणी करताना आपला माणूस आपल्याला दीडपट दिसतो. मी फोन करण्याआधी स्वतःला विचारतो, हा समोरच्याचा असता तर मी काय दिलं असतं? उत्तर बहुतेक वेळा "तिसरी फेरी आणि एक कॉफी" असं येतं. मग फोन जरा सुरळीत होतो.

परवा सेंट कॅथरिन्सवाल्याचा फोन आला. स्ट्रोमसाठी तो दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या देतोय. बेडार्ड असूनही तो अजून तळालाच आहे, म्हणजे ते पिक वरचे असणार. स्ट्रोम आता अठ्ठाविशी ओलांडतोय. विकायला हीच वेळ, हे मलाही कळतं. शुक्रवारपर्यंत सांगतो म्हणालोय.