स्कोअर ९८, साइट तशीच रखडलेली, आणि माझे ४२,६१९ रुपये

आकडा आधी लिहून टाकतो, कारण घरात तो अजून पूर्ण सांगितलेला नाही. बायकोला पंचवीस हजारच माहीत आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यात आमची हापूसची बाग आहे. पुण्या-मुंबईला थेट पेट्या पाठवतो, त्यासाठी वेबसाइट केलेली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, फवारणीच्या धांदलीत, व्हॉट्सअॅपवर एक लाल गोल येऊन पडला. मधोमध २३, शंभरपैकी. ‘दादा, हा तुमच्या साइटचा गुगल स्पीड स्कोअर. पाडव्याला ऑर्डरी कशा येणार?’

स्कोअर खोटा नव्हता, हीच गोम. साइट खरोखर रखडायची, फोनवर पहिला फोटो दिसायला दहा-बारा सेकंद. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साइटवर कुणीही, कुणाच्याही साइटचा आकडा फुकटात काढू शकतो, हे मला कुठं ठाऊक? त्या मेसेजवाल्यानं आधी साइट तपासायचे, म्हणजे ‘ऑडिट’चे, २,४९९ घेतले. मग साइट वेगवान करायचं पॅकेज २४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८,३२०. त्यानंतर ‘प्रीमियम सर्व्हर’चे वर्षाचे ११,८००. तिन्ही वेळा यूपीआय, तिन्ही वेळा पिन मीच टाकला.

बिलावर पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७ असतो, ०७ दिल्लीचा. खताच्या दुकानाची बिलं मी वीस वर्षं तपासतोय, पण हे बिल वाचलंच नाही. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते मिनिटभरात दिसतं. पैसे देण्याआधी टाका, माझ्यासारखा नंतर नको.

पण ते सोडा. रात्री झोप उडवतो तो प्रसंग वेगळाच. आठव्या दिवशी त्यानं नवा रिपोर्ट पाठवला. हिरवा गोल, ९८. मी खूश. लिंक उघडून स्वतः चाचणी लावली, तरी ९८. त्याच रिपोर्टमध्ये साइटचं छोटं चित्र येतं, फोनच्या चौकटीत. ते चित्र पांढरं होतं. कोरं. वर आमचं नाव, खाली काही नाही. ना आंबा, ना पेटी, ना ‘ऑर्डर करा’चं बटण. मी ते पाहिलं. विचारलंसुद्धा. तो म्हणाला, ‘लेझी लोडिंग आहे सर, फोटो मागाहून येतात.’ मग वहिनीच्या फोनवर साइट उघडली तर तीच बारा सेकंदांची घरघर. ‘त्यांच्या फोनमध्ये साइटची जुनी प्रत साठलेली असेल, तुम्ही गुगलचा आकडा बघा.’ आणि मी गुगलचा आकडा बघत बसलो! वरचा थर हापूसचा आणि खाली कर्नाटकी भरलेली पेटी मी झाकण उघडताच वासानं ओळखतो. ही उघडी पेटी समोर होती, तरी उरलेले पैसे पाठवले.

पुण्यात कॉम्प्युटर शिकणाऱ्या पुतणीनं मे महिन्यात साइटच्या फायली उघडल्या, तेव्हा उलगडा झाला. त्यानं थीममध्ये, म्हणजे साइटच्या साच्यात, चार-पाच ओळी घुसवल्या होत्या. साइट उघडणारा फोन खरा की चाचणीचं यंत्र, ते ओळखायचं आणि यंत्र असेल तर फोटो, स्लायडर (सरकती चित्रं), पेमेंट सगळं लपवायचं. कोरं पान पटकन उघडणारच! रिपोर्टच्या वरच्या भागात मागच्या २८ दिवसांत क्रोमवरून आलेल्या खऱ्या लोकांचा अनुभव असतो, तिथं असली रंगरंगोटी चालत नाही. पण आमच्यासारख्या कमी वर्दळीच्या साइटला तो भाग रिकामाच येतो. म्हणून हे लोक लहान धंदेवाले गाठतात. खरा दोष काय होता? मीच फोनवर काढून तसेच चढवलेले ५-६ एमबीचे १९ फोटो. पुतणीनं ते लहान केले, स्लायडर आणि नको ती प्लगइन्स (साइटला जोडलेले छोटे प्रोग्राम) काढली, पानांची तयार प्रत साठवून ठेवणारं एक फुकटचं कॅशिंग प्लगइन बसवलं. एक दुपार गेली. आता साइट तीन सेकंदांत उघडते, स्कोअर ७१. मला ७१ चालतो.

तोवर सीझन संपत आला होता. त्याचा फोन बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारसाहेब म्हणाले, ‘काम केलंय ना त्यानं? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.’ मी कोरं चित्र दाखवलं. ‘यात चोरीला काय गेलं?’ जिल्ह्याच्या ठिकाणी जा म्हणाले. एसटीनं दोन तास. तिथले साहेब बंदोबस्ताला, मंगळवारी या. मंगळवारी गेलो तर सगळ्या चॅटच्या रंगीत प्रिंट हव्यात, दोन प्रतींत. १,१४० रुपये त्यातच गेले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. बँकेत एकच उत्तर, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर म्हणे धंद्यासाठी घेतलेली सेवा, तुम्ही ग्राहकच नाही. वकिलानं नंतर सांगितलं की स्वयंरोजगारावर पोट असणाऱ्यांना यातून सूट मिळू शकते. हे त्या खुर्चीतल्या माणसाला ठाऊक नसावं? की सांगायचं नव्हतं? बागेत माकडं शिरली तर निदान हाकलता तरी येतात.

पैसे गेल्याचं कळताच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन लावा, मी तीन महिने लाजेत घालवले. आणि साइटचा अॅडमिन पासवर्ड दिला असेल तर आजच बदला. त्यानं स्वतःचं वेगळं अॅडमिन खातं करून ठेवलं होतं, ते आम्हाला ऑगस्टमध्ये सापडलं.

गेल्या आठवड्यात नव्या नंबरवरून मेसेज आला. लाल गोल, २३. ‘दादा, हा तुमच्या साइटचा स्कोअर.’ खालच्या चित्रात दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याची ऑफर अजून झळकत होती. स्क्रीनशॉट काढून हवालदारसाहेबांना पाठवलाय. दोन निळ्या खुणा आल्यात.