ड्रिफ्टच्या गाडीसाठी परवडणारा क्लच: स्प्रिंग हबच्या सिक्स-पक किटचे परीक्षण

ड्रिफ्टसाठी, म्हणजे मागची चाके मुद्दाम घसरवत वळणे घेण्यासाठी, क्लच घेताना बहुतेक जण किटवर दिलेला टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा) आकडा पाहतात आणि तो इंजिनाच्या टॉर्कपेक्षा मोठा असला की निश्चिंत होतात. रोजच्या वापराच्या गाडीला हा हिशेब पुरतो. ड्रिफ्टमध्ये मात्र क्लच किक मारताना चालक पेडल दाबून इंजिनाचे आरपीएम वाढवतो आणि पेडल एकदम सोडतो. त्या क्षणी फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेले जड चाक) आणि क्रँकशाफ्ट यांच्या फिरण्यात साठलेली ऊर्जा मागच्या चाकांकडे जाते आणि इंजिन एरवी देते त्याहून मोठा झटका क्लच प्लेटला सोसावा लागतो. असे झटके एका फेरीत वारंवार बसतात आणि मधल्या काळात प्लेट पुरेशी थंड होत नाही. त्यामुळे या परीक्षणात टॉर्कच्या आकड्यापेक्षा उष्णता आणि झटका सोसण्याची क्षमता अधिक महत्त्वाची मानली आहे.

क्लचची पकड चार गोष्टींवर ठरते: प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब, लाइनरचा (क्लच प्लेटवरील घासणाऱ्या थराचा) घर्षणांक, घर्षणाची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. उदाहरणार्थ, ६,००० न्यूटन दाब, ०.३ घर्षणांक, १० सेंटिमीटर त्रिज्या आणि एकाच प्लेटच्या दोन बाजू धरल्या, तर क्षमता ३६० न्यूटन-मीटर येते. घर्षणांक ०.४ केला तर तोच दाब ठेवूनही ती ४८० होते, आणि ०.३ वरच राहून ४८० गाठायचे असतील तर दाब ८,००० न्यूटनपर्यंत न्यावा लागतो. निस्सान सिल्व्हिया एस१५ मधील एसआर२०डीईटी हे टर्बो इंजिन कारखान्यातून निघताना २७५ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे, हे लक्षात घेतले तर माफक बदल केलेल्या गाडीला किती वाव लागतो याचा अंदाज येतो.

स्वस्त पर्यायांत पहिला येतो तो ऑरगॅनिक (तंतू आणि रेझिन यांच्या मिश्रणाचा) लाइनर आणि जड प्रेशर प्लेट यांचा संच. एक्सेडी या क्लच कंपनीचे स्टेज १ किट याच प्रकारात मोडते. त्याची पकड मऊ आहे, गर्दीतही गाडी धक्के न देता सुटते आणि नवख्या चालकाला हाफ क्लचवर शिकता येते. परंतु सतत किक मारल्यावर लाइनरमधील रेझिन तापते, पृष्ठभाग गुळगुळीत होऊन चकाकू लागतो आणि क्लच सरकू लागतो. मूळ ताकदीचे इंजिन आणि अधूनमधून सराव एवढेच असेल तर हा पर्याय वाईट नाही; इंजिनाची ताकद वाढवण्याचा विचार असेल तर मात्र तो फार काळ पुरणार नाही.

आमची पसंती आहे ती सिरॅमिक सिक्स-पक प्लेटला, म्हणजे अखंड लाइनरऐवजी सहा सुटे घर्षण-तुकडे असलेल्या प्लेटला, आणि तीही स्प्रिंग असलेल्या हबची, म्हणजे मधल्या भागातील स्प्रिंग झटका शोषून घेतात अशी. एसीटी ही कंपनी अशी प्लेट आणि तिच्या जोडीला निरनिराळ्या दाबाच्या प्रेशर प्लेट देते. एक्सेडीचे स्टेज २ देखील सिरॅमिक मिश्रणाचे आहे. येथे एक इशारा द्यायला हवा: ‘स्टेज’ हे कोणतेही ठरलेले मानक नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने तो आकडा लावते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या स्टेज २ ची थेट तुलना करू नये. सिरॅमिकचा घर्षणांक अधिक असल्याने फार मोठ्या दाबाची गरज उरत नाही. पेडल त्या मानाने हलके राहते आणि पेडल दाबलेले असताना क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर (त्याला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) येणारा भारही आटोक्यात राहतो. अनेक जण केवळ सर्वांत जड प्रेशर प्लेट घेतात आणि या बेअरिंगचा विचारच करत नाहीत, ही मोठी चूक आहे.

दोष नाहीत असे नाही. पकड एखाद्या स्विचसारखी लागते, चढावर गाडी काढताना थरथर जाणवते आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग ऑरगॅनिकच्या तुलनेत लवकर झिजतो. शर्यतीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, स्प्रिंग नसलेल्या हबची प्लेट थोडी हलकी असल्याने गिअर चटकन पडतात, हे खरे. पण किकचा झटका मग गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल यांच्यावर जसाच्या तसा जातो. मर्यादित खर्चात गाडी चालवणाऱ्याने क्लचवर वाचवलेले पैसे गिअरबॉक्सवर घालवण्यात शहाणपण नाही.

ट्विन-प्लेट क्लचमध्ये घासणारे पृष्ठभाग चार असतात, त्यामुळे कमी व्यासातही मोठी क्षमता मिळते आणि उष्णताही विभागली जाते. उत्तम वस्तू आहे, पण किंमत कित्येक पटींनी वाढते आणि इंजिनातून मोठी ताकद काढली नसेल तर ती क्षमता वापरातच येत नाही. हलक्या फ्लायव्हीलबद्दलही थोडा संयम बरा: इंजिनाचे आरपीएम चटकन चढतात, परंतु साठलेली ऊर्जा कमी झाल्याने कमी ताकदीच्या गाडीत किकचा जोर उतरतो.

किट बसवताना फ्लायव्हील मशीनवर सपाट करून घ्यावे, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग नवीन टाकावे आणि क्लचच्या मास्टर व स्लेव्ह सिलिंडरमधून गळती नाही ना हे तपासावे. गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी या सुट्या भागांहून जास्त पडते. त्यानंतर कंपनीने सांगितलेले अंतर, साधारण काही शे किलोमीटर, गिअर वारंवार बदलत शांतपणे गाडी चालवावी. खरेदीपूर्वी विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: प्लेट स्वतंत्रपणे मिळते का? ड्रिफ्टमध्ये प्लेट ही टायरप्रमाणेच झिजणारी वस्तू आहे, आणि प्रत्येक वेळी संपूर्ण संच घ्यावा लागत असेल तर स्वस्त किट स्वस्त राहत नाही.