करवंद की तोरण?

एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीत भटकताना या दोन्ही रानफळांच्या जाळ्या भेटतात आणि दोन्ही ओरबाडतात. तोरणाचा काटा वाकडा, आकडीसारखा. बाही अडकली की मागे ओढत नेतो. करवंदाचा सरळ, टोचून मोकळा होतो.

करवंदाची जाळी उघड्या कातळावर, पातळ मातीतही तग धरते. फळ काळंभोर झालं तरी देठाशी पांढरा चीक असतोच. चार खाल्ली की ओठ चिकटतात. फोडलं की आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी! हा खेळ तोरणात नाही. शिवाय कच्च्या, हिरव्या करवंदाचं लोणचं होतं, पिकल्याचं सरबत. ‘डोंगरची काळी मैना’ अशी आरोळीही त्याच्याच वाट्याला आली.

तोरण पांढरंशुभ्र, मोत्यासारखं. बोराच्याच कुळातलं, आत एकच बी. चव पिठूळ, गोडसर, आंबटपणा जवळपास नाहीच. नाजूक असल्यानं फार टिकत नाही, शहरातल्या बाजारात क्वचितच दिसतं.

लहान मुलांना तोरण द्यावं, चीक नाही. मला विचाराल तर मात्र पानांच्या द्रोणातली करवंदंच, वर मीठ-तिखट भुरभुरून. बोटं जांभळी झाली तर होऊ देत.