डेव्ह प्रॉक्सी, कॉर्स की एन्जिनएक्स? लातूरच्या एका आडत ॲपच्या निमित्ताने

लातूरच्या मार्केट यार्डात आडत असलेल्या एका ओळखीच्या घरातली दोन भावंडं दुकानासाठी वेब ॲप बनवत आहेत. शेतकऱ्याचे कट्टे किती आले, वजन किती भरलं, ओलावा किती निघाला, भाव काय लागला आणि हमाली-तोलाई वजा जाता पट्टी कितीची झाली, हे सगळं मोबाईलवर दिसावं अशी त्यांची धडपड आहे. बॅकएंड (सर्व्हरची बाजू) जँगोमध्ये, फ्रंटएंड (ब्राउझरमधली बाजू) रिॲक्टमध्ये, सोबत फ्रंटएंड चालवायला व्हीट. मागच्या आठवड्यात धाकट्याचा फोन आला, "दादा, पोस्टमनमधी सगळं चालायलंय, ब्राउझरमधी काहून अडकायलंय?"

त्याला फोनवर जे सांगितलं ते नीट मांडून ठेवतो. कारण प्रश्न त्याचा एकट्याचा नाही, आणि नेटवर मिळणारी उत्तरं बहुतेक वेळा एकच उपाय सांगून मोकळी होतात.

अडचण अशी. व्हीटचा डेव्ह सर्व्हर ५१७३ पोर्टवर असतो, जँगो ८००० वर. मशीन एकच असलं तरी ब्राउझरच्या लेखी प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट या तिन्हींपैकी एक जरी बदललं तरी ओरिजिन वेगळं. वेगळ्या ओरिजिनकडून आलेलं उत्तर ब्राउझर आपल्या जावास्क्रिप्टच्या हाती देत नाही, जोवर सर्व्हर स्वतः हेडरमधून परवानगी देत नाही. या परवानगीच्या पद्धतीलाच कॉर्स म्हणतात. हा नियम फक्त ब्राउझर पाळतो, म्हणून पोस्टमनला, म्हणजे ब्राउझरबाहेरून सर्व्हरला विनंती पाठवायच्या साधनाला, काहीच अडत नाही.

यातून बाहेर पडायचे तीन सरळ रस्ते आहेत. ब्राउझरची सुरक्षा बंद करणारं एक्स्टेंशन टाकणं हा चौथा, पण तो मी मोजतच नाही. तुमच्या मशीनवर झाकलेली चूक ग्राहकाच्या मोबाईलवर तशीच उघडी पडते.

पहिला रस्ता डेव्ह सर्व्हरच्या प्रॉक्सीचा. ब्राउझरने फक्त व्हीटशी बोलायचं, आणि '/एपीआय'ने सुरू होणारी विनंती व्हीटने जँगोकडे न्यायची. शेतकरी खरेदीदाराला थेट भेटत नाही, मधे आडत्या असतो, तसंच हे. ब्राउझरला एकच ओरिजिन दिसतं, त्यामुळे कॉर्सचा प्रश्नच उद्भवत नाही. व्हीटच्या कॉन्फिग फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या की काम होतं. अँग्युलरमध्ये यासाठी वेगळी प्रॉक्सी फाइल असते. जुन्या क्रिएट रिॲक्ट ॲपमध्ये पॅकेज फाइलमधली एक ओळ पुरायची, पण ते साधन २०२५ च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे मोडीत निघालं, तेव्हा नवीन कामाला त्याच्या वाटेला जाऊ नका.

चार ओळी असल्या तरी त्यात दोन जागा अशा आहेत, जिथे मी स्वतः तासन् तास घालवलेत. पहिली, टार्गेटमध्ये 'लोकलहोस्ट' लिहिणं. नोड (व्हीट ज्यावर चालतं ते) १७ पासून लोकलहोस्टचा पत्ता बऱ्याच मशीनवर आधी आयपीव्ही६ चा निघतो, आणि जँगो ऐकत असतो १२७.०.०.१ वर. मग 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं आणि आपण सर्व्हर बंद आहे समजून तोच पुन्हा पुन्हा चालू करत बसतो. टार्गेटमध्ये सरळ १२७.०.०.१ लिहा.

दुसरी जागा 'चेंज ओरिजिन' या पर्यायाची. नावावरून वाटतं की तो ओरिजिन हेडर बदलतो. प्रत्यक्षात तो होस्ट हेडर बदलतो, ओरिजिन आहे तसाच राहतो. जँगो ४.० पासून सीएसआरएफ (दुसऱ्या साइटने आपल्या नावाने विनंती पाठवली नाही ना, ती तपासणी) तपासताना ओरिजिन आणि होस्ट जुळतात का हे पाहिलं जातं. चेंज ओरिजिन चालू असेल तर होस्ट ८००० चा आणि ओरिजिन ५१७३ चा, म्हणजे पट्टी सेव्ह करताना थेट ४०३, परवानगी नाकारली. गंमत बघा, व्हीटमध्ये टार्गेट नुसतं एका ओळीत लिहिलं तर हा पर्याय आपोआप चालू होतो. म्हणून ऑब्जेक्टच्या रूपात लिहा आणि तो बंद ठेवा. टार्गेट दूरचा स्टेजिंग (लाइव्हआधीच्या चाचणीचा) सर्व्हर असेल तर मात्र तो चालू लागतोच, कारण तिथे होस्टच्या नावावरूनच कोणती साइट द्यायची ते ठरतं. तेव्हा जँगोच्या विश्वासू ओरिजिनच्या यादीत आपला ५१७३ चा पत्ता घाला.

दुसरा रस्ता कॉर्सचा, म्हणजे जँगोलाच सांगायचं की ५१७३ वरून येणाऱ्याला उत्तर दे. 'जँगो-कॉर्स-हेडर्स' हे पॅकेज टाकायचं, त्याचं मिडलवेअर यादीत शक्य तितकं वर ठेवायचं आणि परवानगीच्या यादीत पूर्ण पत्ता लिहायचा, शेवटी स्लॅश न देता. लॉगिन कुकीवर असेल तर यादीच्या जागी तारांकन चालत नाही, ब्राउझर ते नाकारतो. शिवाय फेचमध्ये क्रेडेन्शियल्स पाठवायला स्पष्ट सांगावं लागतं. जेसन पाठवलं की खऱ्या विनंतीआधी ऑप्शन्सची एक चाचणी-विनंती जाते. नेटवर्क टॅबमध्ये जोड्या दिसल्या तर घाबरू नका.

या रस्त्याचा मोठा गुण म्हणजे तो खरं काय ते लवकर दाखवतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या कामात आम्ही सगळं डेव्हलपमेंट प्रॉक्सीवर केलं. प्रत्यक्षात फ्रंटएंड एका डोमेनवर जाणार होतं आणि एपीआय दुसऱ्याच डोमेनवर. ज्या दिवशी लाइव्ह गेलो त्याच दिवशी लॉगिन बंद. कॉर्सची परवानगी लिहिलीच नव्हती, ती तासाभरात लिहिली. पण आयफोनवाल्यांचं लॉगिन तरीही होईना, कारण सफारी २०२० पासून तिऱ्हाइत, म्हणजे उघडलेल्या साइटच्या डोमेनबाहेरची, कुकी सरसकट अडवतो. शेवटी दोन्ही गोष्टी एकाच डोमेनखाली आणल्या, तेव्हा सुटलो. सहा महिने जे झाकून ठेवलं ते एका दिवसात अंगावर आलं.

आणि इथे एक बारकावा आहे, जो कॉर्सवाल्यांनाही चकवतो. कुकीला पोर्ट कळत नाही. लोकलहोस्टवर ५१७३ आणि ८००० या दोघांची कुकी सामाईक असते. त्यामुळे जँगोची सीएसआरएफ कुकी आपल्या जावास्क्रिप्टला आरामात वाचता येते. लाइव्हला डोमेन वेगळं झालं की ती दिसेनाशी होते. म्हणजे कॉर्स लावलं तरी आपलं मशीन सगळं खरं सांगत नाही.

तिसरा रस्ता एन्जिनएक्सचा, म्हणजे पुढे उभं राहून विनंत्या योग्य जागी वाटणाऱ्या वेब सर्व्हरचा. एकाच पोर्टवर एन्जिनएक्स उभा करायचा, '/एपीआय' जँगोकडे, बाकी सगळं व्हीटकडे. लाइव्हची हुबेहूब नक्कल म्हणून याच्या तोडीचं दुसरं नाही. पण त्याची शिस्त कडक आहे. प्रॉक्सी पासच्या पत्त्यात शेवटी स्लॅश असेल तर '/एपीआय/' हा भाग पुढे जाताना गळून पडतो, नसेल तर तसाच जातो. एका स्लॅशने सगळे पत्ते ४०४. शिवाय व्हीटचं पान आपोआप ताजं होतं ते वेबसॉकेटवर, त्याचे अपग्रेड हेडर पुढे द्यायला विसरलात तर पान हाताने रिफ्रेश करत बसायची वेळ येऊ शकते. दोघांच्या टीमला, एकच बॅकएंड असताना, रोजच्या कामात हे ओझं नको. तीन-चार सेवा वेगवेगळ्या पोर्टवर असतील तरच घ्या.

आता मोबाईलची गोष्ट, कारण हे ॲप यार्डात मापाड्याच्या हातातल्या फोनवर चालणार आहे, आणि माझ्या लेखी निवड इथेच ठरते. कॉर्सच्या रस्त्याने फोनवर ॲप उघडलं तर 'लोकलहोस्ट ८०००' म्हणजे तो फोनच. मग एपीआयचा पत्ता लॅपटॉपच्या आयपीवर बदला, जँगो सगळ्या इंटरफेसवर उघडा, परवानगीच्या यादीत नवा पत्ता घाला. हॉटस्पॉट बदलला की आयपी बदलतो, पुन्हा पहिल्यापासून. प्रॉक्सीत फक्त व्हीटला 'होस्ट' फ्लॅग द्यायचा आणि जँगोच्या अलाउड होस्ट्समध्ये तो आयपी टाकायचा. त्याहून सोपं हवं असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि 'एडीबी रिव्हर्स' या कमांडने लॅपटॉपचा ५१७३ पोर्ट फोनवर आणा. वायफाय नको, आयपी नको. शिवाय फोनच्या दृष्टीनेही तो लोकलहोस्टच राहतो, म्हणून काटापावतीचा फोटो काढायला कॅमेरा चालतो. साध्या एचटीटीपीच्या आयपी पत्त्यावर ब्राउझर थेट कॅमेरा देत नाही. लाइट गेली, राउटर बंद पडला तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहतं. आपल्या भागात हे लहानसहान नाही.

तर लातूरच्या पोरांना मी काय सांगितलं? त्यांचं ॲप एकाच छोट्या सर्व्हरवर, एकाच डोमेनवर, एन्जिनएक्सच्या मागे बसणार आहे. म्हणून डेव्ह प्रॉक्सी घ्या आणि कोडमध्ये कुठेही पूर्ण पत्ता न लिहिता '/एपीआय' पासूनच सुरुवात करा. उद्या फ्रंटएंड वेगळ्या डोमेनवर न्यायचं ठरलं, किंवा दुसऱ्या कुणाचं ॲप हाच एपीआय ब्राउझरमधून वापरणार असेल, तर त्याच दिवशी प्रॉक्सी काढून कॉर्सवर या, लाइव्हच्या आदल्या रात्री नव्हे.

फक्त एक काम प्रॉक्सीने होत नाही. बिल्ड केल्यावर व्हीटचा डेव्ह सर्व्हर मधे नसतो, त्यामुळे खऱ्या एन्जिनएक्सवर एकदा तरी सगळं चालवून बघावंच लागतं. एन्जिनएक्सची अपलोडची मर्यादा मुळात १ एमबीची असते. काटापावतीचा ३ एमबीचा फोटो डेव्हमध्ये बिनबोभाट जातो आणि लाइव्हला ४१३ (फाइल फार मोठी) देतो. ती १० एमबी करा. दिवसभराच्या पट्ट्यांचा मोठा अहवाल ६० सेकंदांत तयार झाला नाही तर ५०४ (वेळ संपली) येईल, तेही तिथेच कळेल. सोयाबीनची आवक दसऱ्यापासून चढते. ही चाचणी त्याआधी, यार्ड रिकामं असताना, मापाड्याच्याच फोनवर करून घ्या असं दोघांना सांगितलंय.